पोटात घालणे, पाठीशी घालणे आणि ‘कंडोन’

वाचकाचे पत्र

आदरणीय सर, सादर नमस्कार. मी कृष्णाकाठच्या एका गावात राहते आणि सांगलीतील एका पतसंस्थेत लिपिक म्हणून काम करते. माझे सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. गेल्या महिन्यात आमच्या संस्थेच्या एका जुन्या संचालकांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव बेंगळुरूला असतात आणि सूनबाईंना मराठी वाचता येत नाही, म्हणून दुखवट्याचे पत्र इंग्रजीतून पाठवायचे ठरले व ते काम माझ्याकडे आले. मी त्यात ‘वी कंडोन द सॅड डिमाइज’ असे लिहिले. साहेबांनी सही केली आणि पत्र गेले. आठ दिवसांनी त्या चिरंजीवांचा फोन आला. पत्रातला शब्द चुकला आहे, पण मनातले कळले, कोणाला रागावू नका, एवढेच त्यांनी साहेबांना सांगितले. मला कोणी रागावले नाही, तरी मला झोप लागत नाही.

त्याच आठवड्यात वडिलांच्या जमिनीच्या अपिलाचे कागद घरी आले. त्यांत वकीलसाहेबांनी ‘कंडोनेशन ऑफ डिले’ असा अर्ज जोडला आहे. इंग्रजी बातम्यांत मात्र ‘वी डू नॉट कंडोन व्हायलन्स’ असे वाक्य वारंवार येते. शब्दकोशात ‘क्षमा करणे, दुर्लक्ष करणे’ एवढेच दिले आहे. हा शब्द चांगला आहे की वाईट? तो नेमका केव्हा वापरायचा? आणि गेलेल्या पत्राचे आता काय करू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे, हे मला कळते. तथापि त्या घरी पुन्हा काय लिहावे हे ठरवण्यासाठी आधी काय लिहिले गेले ते स्वच्छ समजायला हवे, म्हणून मी शब्दापासूनच सुरुवात करतो.

तुम्हाला लिहायचे होते ‘कंडोल’. त्याच्या जागी ‘कंडोन’ उतरले. इंग्रजीत या दोन्ही शब्दांची अक्षरे सात आहेत आणि त्यांतले केवळ सहावे वेगळे आहे, एकात एल आणि दुसऱ्यात एन. ऐकतानाही एकाचा शेवट ‘रोल’सारखा आणि दुसऱ्याचा ‘फोन’सारखा होतो, एवढाच फरक जाणवतो. मात्र अर्थाच्या दृष्टीने हे दोन शब्द एकमेकांचे दूरचे नातेवाईकही नाहीत. ‘कंडोल’मधला पहिला भाग ‘सह’ या अर्थाचा आणि दुसरा भाग दुःख होणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आलेला आहे, म्हणजे आपल्या ‘सहवेदना’ या शब्दाची घडण जशी आहे, अगदी तशीच त्याची आहे. ‘कंडोन’चा दुसरा भाग मात्र देणे, दान करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. ‘डोनेशन’ आणि ‘डोनर’ हे आपल्याकडे रुळलेले शब्द त्याच घरचे आहेत, आणि भाषाशास्त्राप्रमाणे आपले संस्कृत ‘दान’ही त्याच मुळाचे आहे. दोष धरण्याचा जो हक्क आपल्या हाती आहे, तो दान केल्यासारखा सोडून देणे, असा ‘कंडोन’चा गाभा आहे. त्यामुळे तुमच्या पत्रातील वाक्याचा अर्थ ‘त्यांच्या दुःखद निधनाचा अपराध आम्ही पोटात घालतो’ असा झाला. हे मी तुमचे मन दुखवण्यासाठी लिहीत नाही. हा अर्थ एकदा संपूर्ण उमगला की हे क्रियापद आयुष्यात पुन्हा चुकणार नाही, अशी माझी खात्री आहे.

वरच्या वाक्यात मी ‘पोटात घालणे’ हा वाक्प्रचार जाणीवपूर्वक वापरला. मी अनेक वर्षे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील शाळांमध्ये इंग्रजी शिकवले आणि त्या काळात बराच काळ मीही मुलांना ‘कंडोन म्हणजे क्षमा करणे’ असे एका शब्दात उरकून सांगत असे. एकदा एका मुलाने निबंधात ‘देव आपल्याला कंडोन करतो’ असे लिहिले. चूक त्याची नव्हती, मी दिलेल्या अर्थावर त्याने प्रामाणिकपणे वाक्य रचले होते. त्या दिवशी घरी जाताना मी मराठीतले या जातीचे वाक्प्रचार मनात मांडत गेलो आणि मला आढळले की इंग्रजी कोशापेक्षा आपली बोलीच या शब्दाचा उलगडा अधिक नेमका करते. आपण अपराध पोटात घालतो, माणसाला पाठीशी घालतो, गैरवर्तन खपवून घेतो, उणीव चालवून घेतो आणि चुकीकडे कानाडोळा करतो. ‘कंडोन’ हे क्रियापद या पाचही छटांच्या मध्ये कुठेतरी उभे आहे, आणि वाक्य कोण बोलतो आहे, कोणत्या कृतीविषयी बोलतो आहे, यावरून ते कोणत्या छटेकडे झुकणार हे ठरते.

यातील व्याकरणाचा एक बारकावा फार उपयोगी आहे. ‘पाठीशी घालणे’ याचे कर्म माणूस असते, तर ‘पोटात घालणे’ याचे कर्म अपराध असतो. मराठीत ‘आईने मुलाला पोटात घातले’ असे आपण म्हणत नाही, ‘मुलाचे अपराध पोटात घातले’ असेच म्हणतो. ‘कंडोन’चेही तेच आहे. त्याचे कर्म नेहमी कृती, चूक, विलंब, गैरहजेरी किंवा वर्तन असते, माणूस कधीही नसतो. म्हणून ‘प्लीज कंडोन मी’ हे वाक्य चुकीचे आहे आणि माझ्या विद्यार्थ्याचे देवाविषयीचे वाक्यही त्याच कारणाने चुकीचे होते. माणसासाठी इंग्रजीत ‘फर्गिव्ह’, ‘पार्डन’ किंवा ‘एक्स्क्यूज’ ही क्रियापदे आहेत. शिवाय या क्रियापदाला कर्म थेट लागते, मध्ये ‘फॉर’ किंवा ‘अबाउट’ असे अव्यय येत नाही. ‘कंडोन द डिले’ बरोबर आहे, ‘कंडोन फॉर द डिले’ बरोबर नाही.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे, म्हणजे शब्द चांगला की वाईट याकडे येतो. हे क्रियापद वापरायचे, तर त्यामागे काही गोष्टी गृहीत असतात. पहिली गोष्ट म्हणजे खरोखरच काही दोष घडलेला असला पाहिजे. मृत्यू हा दोष नाही, आजारपण हा दोष नाही, म्हणून त्यांच्यापुढे हा शब्द उभाच राहू शकत नाही. दुसरे म्हणजे तो दोष समोरच्याला माहीत असला पाहिजे, कारण न कळलेली चूक कोणी पोटात घालू शकत नाही. तिसरे, त्या दोषाबद्दल जाब विचारण्याचा किंवा शिक्षा करण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा लागतो, निदान नापसंती व्यक्त करण्याची जबाबदारी तरी. आणि या सर्वांच्या जोडीने एक काळाची अट आहे, जिच्याकडे आपल्याकडील अर्ज लिहिणाऱ्यांचे हमखास दुर्लक्ष होते : दोष आधी घडून गेलेला असला पाहिजे. ‘येत्या सोमवारची माझी गैरहजेरी कंडोन करावी’ असा इंग्रजी अर्ज मी कितीतरी कार्यालयांत पाहिला आहे. पुढे व्हायच्या गोष्टीसाठी परवानगी मागायची असते, रजा मागायची असते. ‘कंडोन’ मागे वळून पाहणारे क्रियापद आहे.

हीच काळाची रेघ त्याच्या एका शेजाऱ्यापासून त्याला वेगळे करते. ‘कनाइव्ह’ नावाचे दुसरे क्रियापद आहे आणि त्याचे लॅटिन मूळ डोळे मिटून घेणे या अर्थाचे आहे, म्हणजे आपल्या ‘डोळेझाक’ या शब्दाची ती जवळजवळ प्रतिकृतीच म्हणता येईल. कायद्याच्या भाषेत जो आधीपासून संमती देऊन किंवा डोळे मिटून गैरकृत्य होऊ देतो, त्याचे कृत्य ‘कनाइव्ह’ या शब्दाने सांगितले जाते, आणि जो कृत्य घडून गेल्यावर, सर्व जाणून, ते मागे टाकतो, त्याचे ‘कंडोन’ने. आपल्या हिंदू विवाह कायद्यात, 1955 सालच्या, 23 व्या कलमात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जवळ आले आहेत. क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागणाऱ्या व्यक्तीने ती क्रूरता आधीच ‘कंडोन’ केलेली नाही ना, हे न्यायालयाला तपासावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 1975 च्या एका निकालात याचा अर्थ उलगडताना सांगितले की केवळ क्षमा करणे पुरेसे नसते, दोषी जोडीदाराला पूर्वीच्या स्थानावर पुन्हा प्रस्थापितही करावे लागते, आणि ही क्षमा पुन्हा अपराध न करण्याच्या गर्भित अटीवर दिलेली असते. मला हे स्पष्टीकरण फार मोलाचे वाटते, कारण सोसत राहणे आणि क्षमा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या अनेक घरांत स्त्रियांच्या बाबतीत विसरले जाते. इंग्रजीतही हे क्रियापद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, 1857 च्या इंग्लंडमधील घटस्फोटविषयक कायद्याच्या निमित्ताने, रूढ झाले. त्यामुळे त्याला जो कोर्टाचा वास येतो, तो जन्मापासूनचा आहे.

तुमच्या वडिलांच्या कागदांतील शब्दाचा संबंध वेगळ्या कायद्याशी, म्हणजे 1963 च्या मुदतीच्या कायद्याशी आहे. दिवाणी न्यायालयाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करण्याची मुदत सामान्यतः 30 दिवसांची असते. ती उलटून गेली तर त्या कायद्याच्या पाचव्या कलमाखाली, विलंबाला पुरेसे कारण होते असे न्यायालयाला पटवून, अपील दाखल करून घ्यावे अशी विनंती करता येते. आपल्याकडे यालाच ‘विलंब माफीचा अर्ज’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘कंडोनेशन ऑफ डिले’. विशेष म्हणजे त्या पाचव्या कलमाच्या मजकुरात ‘कंडोन’ हा शब्दच नाही, तेथे मुदतीनंतर अपील दाखल करून घेता येईल, एवढेच म्हटले आहे. शब्द वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या वापरातून इतका रूढ झाला की आता कलमाची ओळखच त्याने होते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र तो प्रत्यक्ष आला आहे. तक्रारीसाठी तेथे दोन वर्षांची मुदत आहे, आणि ती उलटल्यावर तक्रार घ्यायची असेल तर विलंब ‘कंडोन’ करण्याची कारणे आयोगाला लेखी नोंदवावी लागतात.

येथे हा शब्द वाईट का वाटत नाही, हे तुमच्या आता लक्षात आले असेल. दोष आहे, तो कबूल केलेला आहे, तो माफ करण्याचा अधिकार असलेले न्यायालय समोर आहे आणि कारण सांगून विनंती केली जात आहे. हे सर्व उघड्यावर होते, म्हणून तेथे त्याचा अर्थ ‘पोटात घालणे’ असा राहतो. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने अवघ्या चार दिवसांच्या विलंबाच्या एका प्रकरणात असे मत दिले की प्रत्येक दिवसाच्या विलंबाचे स्पष्टीकरण द्या, या नियमाचा अतिरेक करू नये, कारण तसाच हट्ट धरायचा तर प्रत्येक तासाचे आणि प्रत्येक सेकंदाचे स्पष्टीकरण का मागू नये. अपील उशिरा दाखल करून सामान्यतः कोणाचा फायदा होत नाही, हेही त्या निकालात म्हटले आहे. याचा अर्थ कोणतेही कारण चालते असा मात्र नाही. ‘घरगुती अडचणीमुळे उशीर झाला’ हे वाक्य दुबळे आहे. ‘2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 45 फुटांची धोका पातळी ओलांडली, गावाचा रस्ता पाण्याखाली गेला आणि घरातील कागदपत्रे भिजली’ हे वाक्य, त्याच्या तारखा आणि पंचनामा जोडलेला असेल तर, पुरेशा कारणाच्या बरेच जवळ जाते.

न्यायालयाच्या संदर्भात आणखी एक भेद सांगतो, कारण तो शब्दाचा अर्थ अधिक धारदार करतो. निकालाची नक्कल मिळण्यास जे दिवस लागतात ते मुदतीत धरले जात नाहीत. त्याचप्रमाणे करोनाच्या काळात 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा संपूर्ण कालावधी सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या हिशेबातून वगळला. हे दिवस ‘कंडोन’ झालेले नाहीत, ते वगळले गेले आहेत, कारण त्यांच्यापुरता पक्षकाराचा काही दोषच मानलेला नाही. जेथे दोष नाही, तेथे दोष सोडून देण्याचा प्रश्न येत नाही. वडिलांच्या अर्जात विलंबाचे एकूण दिवस मोजताना नकलेचे दिवस वजा झाले आहेत की नाही, हे वकीलसाहेबांना अवश्य विचारा. दहा-बारा दिवस कमी झाले तरी अर्जाचे बळ वाढते.

सरकारी मराठीत या क्रियापदाला ‘क्षमापित करणे’ असा प्रतिशब्द आहे. सेवेत खंड पडलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ‘सेवाखंड क्षमापित करण्यात येत आहे’ असे वाक्य शासकीय आदेशांत असते, आणि निवृत्तिवेतनाची प्रकरणे हाताळणाऱ्या प्रत्येक लिपिकाला ते परिचित असते. महाविद्यालयांत 75 टक्के उपस्थितीचा नियम जेथे लागू असतो, तेथे आजारपणामुळे कमी पडलेली उपस्थितीही याच शब्दाने भरून काढली जाते. तुमच्या पतसंस्थेतही थकीत हप्त्याच्या पत्रव्यवहारात तो कधी तरी येईल, तेव्हा एवढेच लक्षात ठेवा की उशीर ‘कंडोन’ होतो, कर्ज ‘कंडोन’ होत नाही. कर्ज किंवा व्याज सोडून देण्याला ‘वेव्ह’ हे वेगळे क्रियापद आहे.

बातम्यांतील वाक्याकडे वळू. ‘वी डू नॉट कंडोन व्हायलन्स’ असे एखादा पक्ष, संघटना किंवा मंडळ म्हणते, तेव्हा तेथे कोणी कोणाकडे माफी मागत नसते. बोलणाऱ्यावर संशय असतो की आपल्या लोकांच्या गैरकृत्याकडे तो कानाडोळा करीत आहे, आणि तो संशय दूर करण्यासाठी तो बोलतो. मराठीत आपण त्याच ठिकाणी ‘हिंसा खपवून घेतली जाणार नाही’ किंवा ‘आम्ही हिंसेचे समर्थन करीत नाही’ असे म्हणतो. अधिकार असूनही, जाणूनबुजून, गप्प राहणे हा येथला दोष असतो, म्हणून शब्द ‘पाठीशी घालणे’ या छटेकडे सरकतो. अशा सर्वसाधारण वापरात हे क्रियापद बहुधा नकारातच येते. ‘हे कंडोन करता येणार नाही’, ‘कोणीही याला कंडोन करणार नाही’, ‘त्याचा राग मी समजू शकते, परंतु त्याची कृती कंडोन करू शकत नाही’, अशी वाक्ये तुम्हाला सतत भेटतील. यांतले शेवटचे वाक्य मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण समजून घेणे आणि मान्य करणे यांत जी दरी असते ती या एका क्रियापदाने दाखवता येते. नकाराशिवाय ते कोणाविषयी वापरले, उदाहरणार्थ ‘मुख्याध्यापकांनी कॉपी कंडोन केली’ असे लिहिले, तर तो आरोप होतो, हे ध्यानात असू द्यावे.

तेव्हा शब्द एकच आहे आणि अर्थही मुळात एकच आहे. कोर्टात दोषी व्यक्ती माफी मागते आणि अधिकारी ती उघडपणे देतो, बातमीत कोणी न मागता ती गुपचूप दिली जात असल्याची शंका असते. आपल्या मराठीतही ‘घालणे’ हे एकच क्रियापद पोटाशी जोडले की माया होते आणि पाठीशी जोडले की पक्षपात होतो, मग इंग्रजी शब्दाविषयी आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही.

असे शब्द शिकण्याच्या पद्धतीविषयी तुम्ही थेट विचारलेले नाही, पण पत्राच्या ओळींमागे तो प्रश्न आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे इंग्रजी कच्चे असते असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांना शब्द एकएकटे शिकवले जातात, ही खरी अडचण आहे. वहीत ‘कंडोन म्हणजे क्षमा करणे’ असे लिहू नका. ‘कंडोन द डिले’, ‘कंडोन द ॲब्सेन्स’, ‘कॅनॉट कंडोन व्हायलन्स’ अशी कर्मासहित लिहा, आणि शेजारी मराठी वाक्य तुमच्या घरच्या बोलीत लिहा. त्याच पानावर ‘कंडोल’ आणि ‘कंडेम’ हे दोन शब्दही लिहा. ‘कंडेम’ म्हणजे निषेध करणे, दोषी ठरवणे. त्याच्या शेवटी लिहिलेला एन उच्चारला जात नाही, मात्र ‘कंडेम्नेशन’मध्ये तो ऐकू येतो. एखाद्या दुर्घटनेनंतरच्या निवेदनात हल्ल्यासाठी ‘कंडेम’ आणि मृतांच्या कुटुंबीयांसाठी ‘कंडोल’ हे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात येऊ शकतात, आणि घाईत लिहिणाऱ्याची गफलत नेमकी तेथेच होते. रोजच्या बोलण्यात मात्र यांपैकी ‘कंडोन’ आणू नका. कार्यालयात दहा मिनिटे उशिरा पोहोचल्यावर ‘सॉरी, आय ॲम लेट’ हेच सभ्य आणि पुरेसे इंग्रजी आहे.

‘कंडोल’विषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे, नाहीतर एक चूक सुधारताना दुसरी होईल. आपल्याकडील इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘कंडोल्ड द डेथ’ अशी रचना सर्रास दिसते. प्रमाण इंग्रजीत मात्र हे क्रियापद माणसाकडे वळते आणि त्याला ‘विथ’ लागते, म्हणजे कुटुंबीयांबरोबर दुःख करणे, मृत्यूचे दुःख करणे नव्हे. ही रचना अवघडल्यासारखी वाटते, म्हणून पत्रात क्रियापद टाळून ‘कंडोलन्सेस’ हे नाम वापरणे सर्वांत सुरक्षित आहे.

आता ते पत्र. त्या चिरंजीवांनी फोनवर काय केले, ते पाहा. चूक त्यांना दिसली, आणि ती त्यांच्या वडिलांच्या मृत्यूविषयीच्या वाक्यात होती, म्हणजे दुखावण्याचा हक्क त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला नव्हता. तरी त्यांनी साहेबांना कळवताना कोणाला रागावू नका असेही सांगितले. ज्या क्रियापदाचा अर्थ तुम्ही मला विचारत आहात, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला देता येणार नाही. त्यांनी तुमची चूक पोटात घातली आहे. ती त्यांनी उरात धरलेली नाही, मग तुम्हीही ती उशाशी घेऊन झोपू नये.

तरीही तुम्ही एक छोटे पत्र पाठवावे असे मला वाटते. संस्थेच्या कागदावर नको आणि साहेबांच्या सहीने नको, ते तुमच्या नावाने असावे. त्याआधी साहेबांना दाखवा, कारण मूळ पत्रावर सही त्यांची होती. चिरंजिवांसाठी मराठीत चार ओळी लिहा : शब्द माझ्याकडून चुकला, त्याचे मला मनापासून वाईट वाटते, आपण ज्या शब्दांत ते कळवले त्याबद्दल मी ऋणी आहे, आणि काकांनी संस्थेसाठी केलेले अमुक एक काम मी स्वतः पाहिले आहे. शेवटच्या ओळीत एखादी खरी आठवण असू द्या. त्याखाली सूनबाईंसाठी इंग्रजीत एवढेच पुरे : ‘अ रॉन्ग वर्ड वॉज यूज्ड इन अवर लेटर. आय ॲम ट्रूली सॉरी फॉर इट. प्लीज ॲक्सेप्ट अवर हार्टफेल्ट कंडोलन्सेस.’ येथे ‘प्लीज कंडोन द एरर’ असे लिहिण्याचा मोह होईल, कारण शब्द आता तुम्हाला कळला आहे. तो टाळा. व्याकरणाने ते वाक्य बरोबर असले तरी त्याचा सूर अर्जाचा आहे, आणि दुःखात असलेल्या घरी अर्ज करू नये.

वडिलांच्या अर्जाबाबत मात्र तो शब्द नि:शंकपणे राहू द्या. त्या अर्जासोबत वडिलांच्या सहीचे प्रतिज्ञापत्र जोडले जाते आणि त्यात विलंबाची कारणे त्यांनी स्वतः शपथेवर सांगितलेली असतात. तो मजकूर इंग्रजीत असेल तर सही होण्यापूर्वी तुम्ही तो त्यांना मराठीत, वाक्यामागून वाक्य, समजावून सांगा, आणि दवाखान्याच्या, नकलेच्या वा अन्य कोणत्याही तारखेत त्यांना फरक वाटला तर तो लगेच दुरुस्त करून घ्या. जिल्हा व तालुका न्यायालयांत मराठीतूनही अर्ज करता येतो, तेव्हा वडिलांची तशी इच्छा असेल तर ती वकीलसाहेबांना मोकळेपणाने सांगावी. विलंब माफ झाला म्हणजे अपील जिंकले असे नव्हे, त्यामुळे केवळ अपिलाची सुनावणी होण्याचा मार्ग मोकळा होतो, आणि क्वचित न्यायालय विरुद्ध बाजूला काही खर्च देण्याची अटही घालते. सांगलीतील विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात पुढची तारीख पडेल त्या दिवशी जमल्यास वडिलांबरोबर तुम्ही स्वतः जा.